ना सौम्य, ना मारक : अंडाशयाच्या सीमावर्ती गाठींचा इतिहास



इतिहास म्हटला की या नगरीत मलिक अंबरची नहर, पाणचक्की, देवगिरीचा किल्ला आणि वेरूळची लेणी डोळ्यांपुढे येतात. माझा आजचा विषयही इतिहासाचाच आहे. मात्र तो एका निदानाचा इतिहास आहे. स्त्रीच्या अंडाशयात होणाऱ्या काही गाठी अशा असतात की त्यांना निरुपद्रवी म्हणवत नाही आणि कर्करोग म्हणणेही बरोबर ठरत नाही. वैद्यकात त्यांना सीमावर्ती अर्बुदे असे नाव आहे. ज्या मराठवाड्याने १९४८ ते १९६० या बारा वर्षांत निजामी अंमल संपून हैदराबाद राज्य, मग द्वैभाषिक मुंबई राज्य आणि शेवटी महाराष्ट्र असे तीन कारभार पाहिले, त्या मराठवाड्याला सीमा म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. सीमेवरच्या गावाची खरी अडचण एकच असते : त्याची नोंद कोणत्या दप्तरात करावयाची? या गाठींचीही अडचण तीच होती. दप्तरे दोन, आणि गाठ त्यांपैकी एकातही बसेना.

हा विषय केवळ डॉक्टरांचा आहे असे कोणी समजू नये. या गाठी पुष्कळदा तरुण वयात होतात. सुमारे एकतृतीयांश रुग्ण चाळिशीच्या आतल्या असतात. अशा स्त्रीची गाठ कर्करोगाच्या दप्तरात गेली, तर तिची दोन्ही अंडाशये आणि गर्भाशय जाण्याचा धोका असतो. तीच गाठ साध्या गाठींच्या दप्तरात गेली, तर टाके काढून झाल्यावर ती बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि दहा वर्षांनी गाठ परतली तरी ती कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून या इतिहासाकडे मी एका विशिष्ट दृष्टीने पाहणार आहे. वैद्यक हात चालवावयास लवकर शिकले. हात आवरावयास ते कसे शिकले, हे या गाठींच्या कथेतून दिसते. आणि हात आवरणे हे केवळ दयाबुद्धीने साधत नाही; त्यासाठी नेमके निदान आणि दीर्घ पाठपुरावा लागतो.

प्रारंभ आपल्या जुन्या ग्रंथांपासून करू. सुश्रुताने ग्रंथी आणि अर्बुद असा भेद केला आहे. अर्बुद म्हणजे मोठे, खोल मूळ धरलेले, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे. अर्बुदाचा काही अंश मागे राहिला तर ते पुन्हा उद्भवते, हेही त्याने बजावून ठेवले आहे. चरकाने स्त्रियांच्या रक्तगुल्माविषयी जे लिहिले ते तर आजच्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. पोट वाढते, पाळी थांबते, आणि जाणत नसलेले लोक त्या स्त्रीला गर्भवती म्हणतात, असे तो म्हणतो. अशा गुल्मावर दहावा महिना उलटल्यानंतरच उपचार करावे, असा त्याचा दंडक आहे. यामागे मोठा विचार आहे. गर्भ की गुल्म याचा निर्णय करण्याचे दुसरे साधन हाती नसताना काळालाच साक्षीदार करावयाचे, आणि तोवर घाई करून अनर्थ करावयाचा नाही. हा रक्तगुल्म म्हणजेच आजची अंडाशयाची गाठ, असा माझा दावा नाही. परंतु संशयाच्या जागी संयम हे तत्त्व आपल्याकडे किती जुने आहे, हे यावरून दिसते.

पोटातल्या गोळ्याला गर्भ समजण्याची ही चूक जगभर होत आली आहे. अमेरिकेतील केंटकी प्रांतात जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या स्त्रीचे दिवस भरून गेले, तरी प्रसूती होईना, म्हणून एफ्राइम मॅकडॉवेल या शल्यवैद्याला बोलावणे गेले. त्याने तपासून सांगितले की हा गर्भ नव्हे, अंडाशयाची गाठ आहे. ती बाई सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास घोड्यावरून करून त्याच्या घरी गेली, आणि डिसेंबर १८०९ मध्ये भुलीवाचून त्याने तिचे पोट उघडून सुमारे दहा किलोची गाठ काढली. शस्त्रक्रिया पंचवीस मिनिटांत झाली. पंचवीस दिवसांनी ती घरी परतली आणि पुढे बत्तीस वर्षे जगली. अंडाशयाच्या गाठीवरील यशस्वी शस्त्रक्रियेचा इतिहास येथून सुरू होतो.

१८४६ साली ईथर आणि १८४७ साली क्लोरोफॉर्म यांचा उपयोग सुरू झाला आणि असल्या शस्त्रक्रियांना बळ आले. या बाबतीत आपल्या जुन्या राज्याचाही जगाच्या इतिहासात उल्लेख आहे. क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, याचा निर्णय करण्यासाठी निजामाच्या द्रव्यसाहाय्याने १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग बसले. एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रमुख चालक होते. त्यांचे सर्वच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. तथापि भुलीच्या वेळी रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवावे, या शिकवणीला त्यामुळे जोर मिळाला. इकडे लंडनमध्ये स्पेन्सर वेल्स याने १८८० पर्यंत अंडाशयाच्या गाठींवरील एक हजार शस्त्रक्रिया पुऱ्या केल्या होत्या. गाठ काढता येते, हे सिद्ध झाले होते. ती कोणत्या जातीची आहे, हा प्रश्न मात्र अजून बाकी होता.

तो प्रश्न सूक्ष्मदर्शकाने विचारला. १८५८ साली रुडॉल्फ फिर्खो याचा पेशीविकृतीवरील ग्रंथ निघाला, आणि रोगाचे घर पेशीत आहे हा विचार रूढ झाला. गाठीचा पातळ छेद घ्यावा, तो रंगवावा, भिंगाखाली पाहावा आणि निकाल द्यावा : सौम्य की मारक. निकाल दोनच असल्यामुळे शल्यवैद्याचे कामही सोपे झाले. सौम्य असेल तर गाठ काढून मोकळे व्हावे. मारक असेल तर जेवढे काढता येईल तेवढे काढावे.

पण निसर्ग दोन कप्प्यांत राहावयास बांधलेला नव्हता. न्यूयॉर्कचे हॉवर्ड टेलर यांनी १९२९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. काही स्त्रियांच्या अंडाशयातील गाठी भिंगाखाली भयंकर दिसत होत्या. इतकेच नव्हे, तर पोटाच्या आतल्या अस्तरावर त्यांचे बारीक दाणेही पसरलेले होते. अशा रुग्णांचे आयुष्य त्या काळी थोड्या दिवसांचे समजले जाई. परंतु टेलर यांना असे आढळले की यांतील कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे जिवंत राहतात. त्यांनी या गाठींना ‘अर्ध-मारक’ म्हटले. हा शोध नवे यंत्र सापडल्याने लागलेला नाही. रुग्ण घरी गेल्यानंतर तिचे पुढे काय झाले, हे विचारल्यामुळे तो लागला. काचपट्टीने दिलेला निकाल काळाने तपासून पाहिला, आणि तो चुकीचा ठरला.

नवा कप्पा मान्य व्हावयास मात्र तीस-चाळीस वर्षे लागली. १९६१ साली आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाच्या कर्करोग समितीने अंडाशयाच्या गाठींचे तीन वर्ग सुचविले, आणि मधल्या वर्गाला ‘अल्प मारकशक्तीच्या’ गाठी म्हटले. १९७१ पासून ही वर्गवारी व्यवहारात आली. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने लेनिनग्राडचे सेरोव्ह, बोस्टनचे स्कली आणि सोबिन यांच्याकडून अंडाशयाच्या गाठींचे जे वर्गीकरण तयार करून घेतले, त्यात ‘सीमावर्ती’ हा शब्द कायम झाला.

आता ही सीमा नेमकी कोठे असते ते पाहू. अंडाशय हा बदामाच्या आकाराचा अवयव. त्याच्याशी संबंधित आवरणपेशींपासून होणाऱ्या मारक आणि सीमावर्ती गाठी एकत्र मोजल्या, तर सीमावर्ती गाठींचा वाटा शेकडा दहा ते वीस भरतो. यांतील पेशींची वाढ बेसुमार असते, त्यांचे थर चढतात, झुडपांसारखे तुरे फुटतात, केंद्रके थोडीफार बिघडलेली दिसतात. येथवर कर्करोगाशी साम्य आहे. परंतु कर्करोगाची पेशी आपल्या बुडाचा बांध फोडून खालच्या आधारजालात घुसते. सीमावर्ती गाठीची पेशी बांधापर्यंत येऊन थांबते. शेजाऱ्याच्या शेतात कुंपणावरून फांद्या गेल्या, पण मुळे गेली नाहीत, असा हा प्रकार आहे. यांच्या दोन मुख्य जाती आहेत. पाण्यासारखा द्रव असलेली जात पुष्कळदा दोन्ही अंडाशयांत होते आणि पोटात दाणे पसरविते. बुळबुळीत द्रवाची जात बहुधा एकाच बाजूस होते, पण ती अवाढव्य वाढते.

या गाठी ओळखणे सोपे नाही. ओटीपोट जड वाटणे, पोट वाढणे, लघवी वारंवार होणे, एवढीच लक्षणे असतात. कधी तीही नसतात. पाळी बहुधा नियमित असते, म्हणून संशयही येत नाही. सोनोग्राफीत पाण्याच्या पिशवीत आतून फुटलेले कोंब दिसले तर शंका घेता येते. सीए-१२५ नावाची रक्ततपासणी मदत करते, पण निर्णय देत नाही. ती क्षयात वाढते, अंडाशयाच्या साध्या विकारांतही वाढते. शस्त्रक्रिया चालू असताना गाठीचा तुकडा गोठवून तत्काळ छेद पाहण्याची ‘फ्रोझन सेक्शन’ ही पद्धत आहे. तिचा उपयोग मोठा आहे, तशी तिची मर्यादाही मोठी आहे. कलिंगडाएवढ्या गाठीच्या एका फोडीवरून साऱ्या गाठीची परीक्षा कशी व्हावी? एका कोपऱ्यात सौम्य, दुसऱ्यात सीमावर्ती आणि तिसऱ्यात मारक असा प्रकार एकाच गाठीत असू शकतो. म्हणून पुढे सावकाश तपासणी करताना गाठीच्या लांबीच्या दर सेंटिमीटरमागे निदान एक तुकडा घ्यावा, असा नियम आहे. वीस सेंटिमीटरची गाठ म्हणजे वीस तुकडे, वीस मेणाच्या वड्या आणि त्याहून अधिक काचपट्ट्या. हे काम करणारा विकृतिशास्त्रज्ञ रुग्णाला कधी भेटत नाही. पण तिच्या भवितव्याचा अर्धा निर्णय त्याच्या टेबलावर होतो.

आता उपचारांचा इतिहास पाहू. तिसरा कप्पा कागदावर मान्य झाला, तरी हात मात्र जुन्याच वळणाने चालत राहिले. १९६०-७० च्या काळात या गाठी असलेल्या कित्येक स्त्रियांना गर्भाशय व दोन्ही अंडाशये काढल्यावर पुन्हा क्ष-किरण, पोटात सोडलेली किरणोत्सर्गी द्रव्ये किंवा पेशीनाशक औषधे दिली जात. हेतू वाईट नव्हता; भीती होती. पुढे बाल्टिमोरचे कुर्मन आणि त्यांचे सहकारी ट्रिंबल यांनी १९९३ साली निरनिराळ्या ठिकाणच्या साडेनऊशेहून अधिक रुग्णांचे प्रसिद्ध झालेले वृत्तांत एकत्र करून पाहिले. गाठ अंडाशयापुरती मर्यादित असलेल्या स्त्रिया गाठीने मरतच नव्हत्या, म्हटले तरी चालेल. उलट, झालेल्या थोड्या मृत्यूंपैकी काही किरणांच्या आणि औषधांच्या दुष्परिणामांनी झालेले होते. ज्या रोगाने मारले नसते, त्याच्या धास्तीने केलेल्या उपचाराने मारले.

तेव्हापासून दिशा बदलली. आजची रीत थोडक्यात अशी आहे. मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच. दिसेल तेवढी गाठ आणि दिसतील तेवढे दाणे पूर्ण काढावयाचे. पोटातील द्रव, अस्तराचे तुकडे आणि आतड्यांवर पदरासारखी पसरलेली चरबीची झालर तपासावयाची. बुळबुळीत द्रवाची गाठ असेल तर आंत्रपुच्छही पाहावयाचे. कारण पोटभर चिकट द्रव साठण्याच्या विकाराचे मूळ बहुधा अंडाशयात नसून आंत्रपुच्छात असते, हे १९९० नंतरच्या संशोधनाने दाखविले आहे. मूल हवे असलेल्या स्त्रीचे निरोगी अंडाशय आणि गर्भाशय राखावयाचे. दोन्ही बाजूंस गाठी असतील तर शक्य तेथे फक्त गाठच सोलून काढावयाची. लसिकाग्रंथी सरसकट काढण्याची आवश्यकता नाही. पेशीनाशक औषधांचा या गाठींवर लाभ दिसलेला नाही, म्हणून ती द्यावयाची नाहीत.

या संयमाची किंमत आहे, आणि ती लपवू नये. अवयव राखले तर गाठ परतण्याचा संभव वाढतो. विशेषतः गाठच तेवढी सोलून काढली असेल तर. पण परतलेली गाठ बहुधा सीमावर्तीच असते, आणि ती पुन्हा काढता येते. शंभरांतील थोड्याच स्त्रियांत पुढे खरा कर्करोग उद्भवतो. २०१४ च्या वर्गीकरणाने येथेही रेघ अधिक स्पष्ट केली : पोटातील दाणे खालच्या थरात घुसलेले असतील तर त्यांना मंद गतीचा कर्करोग म्हणावयाचे. गाठ अंडाशयापुरतीच असेल तर पाच वर्षांनी शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक स्त्रिया जिवंत असतात. मात्र ही गाठ दहा, पंधरा, कधी वीस वर्षांनीही परत येते. म्हणून ‘पाच वर्षे गेली, सुटलो’ हा हिशेब येथे चालत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. असे निदान ज्या संस्थांच्या आधारावर उभे राहते, त्या आपल्याकडे केव्हा आल्या? मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, आणि त्याची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली. भारतीय विकृतिशास्त्राचे ते जनक मानले जातात. १९५२ साली परळला निघालेल्या कर्करोग संशोधन केंद्राची धुराही त्यांनी वाहिली. पण मुंबई आपल्यापासून दूर होती. लहान रुळाच्या गाडीने मनमाडला उतरावे आणि तेथून मोठी गाडी धरावी, असा तो प्रवास. दुखण्याचे माणूस बरोबर असले म्हणजे तो आणखी लांबे. १९५६ साली औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मराठवाड्यातील ते पहिले. लोक त्याच्या रुग्णालयाला आजही ‘घाटी’च म्हणतात. त्या घटनेचा अर्थ आपण खाटांच्या संख्येवरून लावतो. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट निराळी आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की विकृतिशास्त्राचा विभाग आला, काचपट्ट्या आल्या, त्या वाचणारा माणूस आला. पुढे अंबाजोगाई, नांदेड येथेही महाविद्यालये झाली. २०१२ साली याच शहरात स्वतंत्र शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे. पण रुग्ण अजूनही जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून त्याच रस्त्यांनी येतात.

दुसरी गोष्ट नोंदीची. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोगाची लोकसंख्याधिष्ठित नोंदणी सुरू केली, आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत पुण्याप्रमाणे औरंगाबादेतही ती आली. येथे पुन्हा तो दप्तराचा प्रश्न उभा राहतो. अर्बुदांच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीच्या १९९० च्या दुसऱ्या आवृत्तीत या सीमावर्ती गाठींना मारक अर्बुदांचा आकडा दिलेला होता. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने तो काढून घेतला. म्हणजे एकाच प्रकारची गाठ त्या दशकात कर्करोग म्हणून मोजली गेली आणि नंतर नाही. रोग तोच, बाई तीच; बदलला तो रकाना. आकडेवारी वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट, जी सांगताना मन जड होते. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांबद्दल शासनाने चौकशी समिती नेमली. सुमारे ८२,००० स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. कामाचा खाडा नको, पाळीचा त्रास नको, ही कारणे होतीच. पण ‘पिशवी राहिली तर कॅन्सर होईल’ ही भीतीही अनेकींना घातली गेली होती. आपला विषय अंडाशयाच्या गाठींचा आहे, गर्भाशयाचा नव्हे. पण धडा एकच आहे. एकीकडे जगातले वैद्यक खऱ्या गाठीतही अवयव कसा राखता येईल याचा विचार करीत आहे, आणि दुसरीकडे गाठ नसतानाही कर्करोगाच्या नुसत्या नावाने अवयव जात आहेत. ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी काचपट्टी पाहिली पाहिजे, आणि ती पाहिल्यावर जे दिसले तेवढेच सांगितले पाहिजे.

म्हणून श्रोत्यांपुढे, विशेषतः भगिनींपुढे, काही व्यवहाराच्या गोष्टी ठेवतो. पोटातील गाठ काढली तर ती तपासणीस पाठवावयास लावा, आणि तपासणीचा कागद लग्नपत्रिकेसारखा नव्हे, जमिनीच्या सातबाऱ्यासारखा जपा. त्या गाठीच्या मेणाच्या वड्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे राहू शकतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असेल तर त्या मागता येतात. आपल्याला मूल हवे असेल तर ते शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट सांगा. संकोचाने गप्प राहिल्यास नंतर बोलून उपयोग नसतो. कागदावर ‘सीमावर्ती’ हा शब्द असेल तर घाबरू नका आणि विसरूही नका. आणि बिनलग्नाच्या मुलीचे किंवा विधवेचे पोट वाढलेले दिसले, तर तोंडाला येईल ते बोलण्याआधी तिला सोनोग्राफीला न्या. न जाणणारेच गुल्माला गर्भ म्हणतात, हे चरकाने लिहून ठेवले, त्याला जवळजवळ दोन हजार वर्षे झाली.

दोन शब्दांनी काम भागत होते, तोवर वैद्यकाने काही स्त्रियांना उगीच भिववले आणि काहींना उगीच निर्धास्त केले. तिसरा शब्द सापडण्यासाठी कोणीतरी घरी गेलेल्या बाईची वर्षानुवर्षे चौकशी करावी लागली. ती चौकशी आजही संपलेली नाही. ती ज्या गावात चालू राहते, त्या गावातील स्त्रीला तिच्या गाठीचे खरे नाव कळते, आणि तेवढाच उपचार मिळतो जेवढा तिला हवा असतो.